महाराजांचे नाणे घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जून महिन्यात शिवराज्याभिषेक दिन जवळ आला, की साताऱ्यातील आमच्या सराफी पेढीवर 'महाराजांचे चांदीचे नाणे आहे का' अशी विचारणा वाढते. 'नाणे' या एका शब्दात सरकारी स्मारक नाणे आणि सराफाकडील चांदीची मुद्रा अशा दोन निरनिराळ्या वस्तू येतात आणि त्यांतील फरक कळल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

भारतात नाणे काढण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला आहे. स्मारक नाण्यावर अशोकस्तंभ आणि दर्शनी मूल्य असते, आणि संग्राहकांसाठीचे संच सरकारी टाकसाळीकडून दर्शनी मूल्याहून बऱ्याच अधिक किमतीला विकले जातात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या त्रिशताब्दीनिमित्त 31 मे 2025 रोजी भोपाळ येथे प्रकाशित झालेले 300 रुपयांचे नाणे 35 ग्रॅमचे असून त्यात निम्मीच चांदी आहे. म्हणजे हातात येते ती साडेसतरा ग्रॅम, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. अशा नाण्याचे मोल चांदीच्या भावाने करू नये. 1999 मधील शिवछत्रपतींच्या दोन रुपयांच्या नाण्यात तर चांदी मुळीच नाही, तरीही संग्रहाचा आरंभ त्यानेच करावा, असे आम्ही आवर्जून सांगतो.

आमच्याकडे मिळते ती चांदीची मुद्रा, म्हणजे पदक. तिला दर्शनी मूल्य नाही. 'चांदीची शिवराई' मागणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो, की महाराजांच्या नाण्यांपैकी होन सोन्याचा आणि शिवराई तांब्याची होती, त्यामुळे चांदीतील शिवराई ही आजची कलाकृती आहे. पावतीवरही आम्ही 'प्रतिकृती' असेच लिहितो. मुद्रेची किंमत वजन, त्या दिवसाचा भाव, मजुरी आणि 3 टक्के जीएसटी मिळून ठरते. मोडताना मजुरी आणि कर परत मिळत नाहीत.

चुंबकाला न चिकटणे हा चांदीचा पुरावा नव्हे. जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातूही सहसा चिकटत नाही आणि त्यात चांदीचा अंशही नसतो. म्हणून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, पावतीवर लिहून घ्यावा.

सर्वाधिक नुकसान मात्र घरातच होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देवाच्या भांड्यांबरोबर संग्रहातील नाणेही चिंच आणि रांगोळीने घासले जाते, आणि टाकसाळीने दिलेली आरशासारखी झळाळी कायमची जाते. चांदीवर चढणारा काळेपणा हा हवेतील गंधकामुळे बनणारा पातळ थर असतो. संग्राहक त्याला दोष मानत नाहीत, घासल्याचे ओरखडे मात्र मानतात. पूजेसाठी वेगळी साधी मुद्रा ठेवावी, म्हणजे तिला हळदकुंकू निर्धास्तपणे वाहता येते. संग्रहातील नाणे कडेने धरावे, मूळ डबीतच ठेवावे, त्याला रबरबँड लावू नये आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात घालू नये. आपल्याकडील पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी.

सरकारी नाणे आम्ही मोडीत घेत नाही, कारण 2011 च्या नाणे अधिनियमानुसार नाणे वितळवण्यास मनाई आहे. मुद्रा विकायची असल्यास ती मूळ पावतीसह आणावी. वजन आणि टंच आपल्यासमोरच तपासला जाईल.