रायफल क्लबमध्ये प्रवेश कसा घ्यायचा? पात्रता, कागदपत्रं आणि परवान्याची भानगड

नेमबाजीच्या रेंजवर फोन करणारे निम्मे लोक पहिल्याच वाक्यात विचारतात, "शूटिंग शिकायचंय, लायसन काढावं लागेल ना?" नाही काढावं लागत. निदान सुरुवातीला तरी नाही. छंद म्हणून रविवारी दोन तास येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते जन्मभर लागत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तेव्हा तर अशा फोनांची रीघ लागली होती. प्रश्न मात्र तोच, उलट्या टोकानं विचारलेला. आधी क्लब, मग रेंजवरची बंदूक, मग जमलं तर स्वतःची एअरगन आणि सगळ्यात शेवटी परवाना, असा हा क्रम आहे. तो पाळला तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

परवाना कुठे लागतो, कुठे नाही

शस्त्र अधिनियम 1959 चा आणि त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. त्यानुसार 4.5 मिलीमीटरपर्यंतच्या, म्हणजे दुकानदार ज्याला 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' म्हणतात त्या कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेतली 10 मीटरची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ती ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन विकत घेता येते. कॅलिबर किंवा ताकद यांपैकी एक जरी मर्यादेबाहेर गेलं तरी परवाना आला. आणि .22 ची रायफल किंवा पिस्तूल म्हणजे सरळ अग्निशस्त्र. त्याचं पुढे बघू.

परवाना लागत नाही म्हटलं की लोक दुसऱ्या दिवशी दुकानात जातात. मीही गेलो होतो. छान दुर्बीण लावलेली, खटका ओढताना खांद्याला दणका देणारी स्प्रिंगची एअरगन घेतली आणि मोठ्या ऐटीत रेंजवर आणली. कोचनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुठल्या इव्हेंटसाठी?" 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. ती बंदूक आज माळ्यावर आहे, दिवाळीच्या साफसफाईत तेवढी खाली येते.

क्लब शोधायचा कुठे

देशपातळीवर या खेळाची संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना 1951. तिचे संस्थापक लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची एक मोठी पात्रता स्पर्धा आजही मावळणकर स्पर्धा म्हणून ओळखली जाते, आणि रेंजवरची पोरं 'यंदा मावळणकर क्लिअर करायचीय' असं बोलतात तेव्हा ती यांच्याच नावानं बोलत असतात. राज्यात महाराष्ट्र रायफल असोसिएशन, मुंबईत वरळीला. तिच्याखाली जिल्हा संघटना आणि क्लब.

पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात मोठी रेंज आहे, 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांची नेमबाजी तिथेच झाली. कोल्हापुरात दुधाळीची रेंज. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत याच गावच्या, त्यामुळे कोल्हापुरात 'मुलीला शूटिंगला घातलंय' हे वाक्य कुणाला विचित्र वाटत नाही. नव्या पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी आहे. पण तुम्ही परभणीत किंवा चिपळूणला राहत असाल तर ही नावं कामाची नाहीत, म्हणून हमखास लागू पडणारी युक्ती सांगतो.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि एवढंच विचारा: "या वर्षी शालेय रायफल शूटिंगच्या जिल्हा स्पर्धा कुठे झाल्या?" शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात आणि त्या स्पर्धा कुठेतरी प्रत्यक्षात घ्याव्याच लागतात. ज्या हॉलमध्ये त्या झाल्या, तीच तुमच्या जिल्ह्यातली चालू रेंज. मग ती मंगल कार्यालयाच्या तळघरात असो की शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. 10 मीटरला लागतं किती? दहा मीटरची मोकळी लांबी, मागे उभं राहायला जागा, टार्गेटमागे पक्की भिंत आणि चांगला उजेड.

फोनवर गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. प्रवेशाआधी प्रत्यक्ष जाऊन तासभर मागच्या बाकावर बसा. रेंज ऑफिसर आहे का, आणि तो 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप' असे हुकूम मोठ्यानं देतो का? कुणी टार्गेटकडे जात असताना बाकीच्यांनी बंदुका खाली ठेवल्यात का? रिकाम्या बंदुकीच्या नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रंगीत दोरी, आरपार घातलेली दिसते का? जिथे ही दोरी दिसत नाही तिथे मी माझं पोर पाठवणार नाही, मग भिंतीवर कितीही पदकं टांगलेली असोत.

दुसरं विचारायचं ते संलग्नतेचं. नुसत्या एअरगनवर खासगी अकादमी चालवायला अडचण नसते, पण पुढे राज्य स्पर्धेत नाव द्यायचं तर ते राज्य संघटनेशी संलग्न क्लब किंवा जिल्हा संघटनेमार्फतच जातं. 'तुमच्याकडून एंट्री कुणामार्फत जाते?' असा प्रश्न टाका. उत्तर चाचरत आलं तर समजून घ्या. क्लब .22 शिकवतो म्हणत असेल, तर क्लबच्या नावाचा शस्त्र परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नका.

पात्रता

वयाची वरची मर्यादा नाही, स्पर्धांतही वयस्कांसाठी मास्टर्स गट असतो. खाली मात्र क्लबागणिक फरक पडतो. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं, त्यामुळे किरकोळ बांध्याच्या मुलाला काही क्लब आधी पिस्तूल देतात किंवा रायफल टेकूवर ठेवून शिकवतात. चष्मा असला तरी चालतो. पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांशी बोलून मगच रायफल निवडा, कारण उभ्या पोझिशनमध्ये कणा मागे झुकवून तास-सव्वातास उभं राहावं लागतं. 60 शॉट्सच्या सामन्याला 75 मिनिटं मिळतात आणि सरावाचे शॉट्स वेगळे. गुन्हा दाखल असेल तर क्लब प्रवेश नाकारू शकतो, आणि नाकारावाच.

कागदपत्रं

क्लबचा अर्ज साधा असतो, दोन पानी. त्याला जोडायचं ते असं: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो (सहा काढून ठेवा, पुढे लागतातच), जन्मदाखला, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि 18 च्या आतल्यांसाठी पालकांचं संमतीपत्र. बरेच क्लब पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही मागतात. त्याचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो, पण कागदांची शहानिशा तुमच्या पोलीस ठाण्यातूनच होते, तेव्हा मूळ प्रती घेऊन एक फेरी धरूनच चाला.

अर्ज अडतात ते मात्र वेगळ्याच कारणानं, नावावरून. आधारवर 'सई कुलकर्णी', जन्मदाखल्यावर 'सई मिलिंद कुलकर्णी', शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. क्लबात हे खपून जातं. पण पुढे राष्ट्रीय संघटनेचा शूटर आयडी काढताना वयोगट ठरणार जन्मतारखेवरून, आणि तिथे नावात किंवा तारखेत तफावत सापडली की अर्ज परत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना तर याचा फार त्रास होतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि आधी आधार दुरुस्त करा. मग क्लब, मग आयडी.

फीबद्दल आकडा सांगत नाही, गावागणिक आणि लेनगणिक (लेन म्हणजे एका नेमबाजाची उभं राहायची जागा) ती बदलते. विचारताना तीन भाग सुटे करून विचारा: प्रवेश फी, महिन्याची कोचिंग फी आणि क्लबची बंदूक वापरायचं भाडं. छर्रे आणि कागदी टार्गेट यांत धरलेत का, हेही. 'महिना इतके' एवढंच सांगणाऱ्याकडे वरचा खर्च नंतर बाहेर येतो.

पहिले तीन महिने

पहिल्या दिवशी गोळी झाडायला मिळेल अशी आशा ठेवू नका. उभं कसं राहायचं, श्वास कुठे थांबवायचा आणि रिकाम्या बंदुकीवर खटका कसा दाबायचा यातच आठवडा जातो, त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. मग कागद समोर येतो. एअर रायफलचं अख्खं टार्गेट 45.5 मिलीमीटरचं, तळहाताच्या मध्यात मावेल एवढं. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, रव्याच्या कणाएवढा. दहा मीटरवरून तो दिसतच नाही, दिसतो फक्त काळा गोल, आणि तोही पुढच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, रिंगमध्ये मधोमध बसवायचा. पिस्तुलाचा दहाचा गोल त्या मानानं ऐसपैस, साडेअकरा मिलीमीटर, पण ते एका हातानं धरायचं असतं. दोन्ही हातांत घेऊन बघा आणि मग ठरवा. कोच सुरुवातीला गुण विचारणार नाही, ग्रुपिंग विचारेल: पाच छर्रे कुठेही लागोत, एकमेकांजवळ लागले का?

रायफलवाल्यांत 'ओपन साइट' (खाचेतून नेम धरायचा) आणि 'पीप साइट' (बारीक छिद्रातून नेम धरायचा) असे दोन पंथ. ओपन साइटच्या राष्ट्रीय प्रकारातल्या स्पर्धा भारतीय बनावटीच्या स्वस्त रायफलीवर खेळता येतात, आणि नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत. ऑलिंपिकची पीप साइट रायफल परदेशी, लाखांच्या घरातली. शिवाय कॅनव्हासचं कडक जाकीट, पॅन्ट, बूट. तीन महिने क्लबच्या बंदुकीवर काढल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नका.

स्पर्धेत उतरायचं तर

शूटर आयडी काढायचा, जिल्ह्यातून राज्य स्पर्धा, तिथला पात्रता गुण गाठला की विभागीय किंवा पूर्वराष्ट्रीय, मग राष्ट्रीय. खेळाडू एका वर्षात एकाच राज्याकडून खेळतो. नोकरीनिमित्त बंगळुरूला किंवा इंदूरला गेलेल्यांनी राज्य बदलायचं तर आधीच्या संघटनेचं ना हरकत पत्र घ्यावं, आणि ते हंगाम सुरू व्हायच्या आधी. पालक हमखास विचारतात म्हणून सांगतो: दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी नेमबाजी धरली जाते, पण स्पर्धेची पातळी आणि प्रमाणपत्राची पडताळणी यांचे नियम कडक आहेत. नुसत्या क्लबच्या आंतरस्पर्धेचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

आता तो परवाना

25 आणि 50 मीटरचं .22 खेळायचं असेल तर आधी परवानाधारक क्लबच्या शस्त्रावर, रेंजवर, कोचसमोर खेळा. स्वतःचं घ्यायची वेळ आली की अर्ज करायचा. वय 21 पूर्ण हवं, त्याआतल्या नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे आणि ती क्लब-संघटनेमार्फत वापरता येते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. नमुना ए-1, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र कुठे आणि कसं सुरक्षित ठेवणार याची माहिती, आणि आपल्याबाबतीत सगळ्यात वजनदार कागद म्हणजे संघटनेचं शिफारसपत्र व स्पर्धांतल्या गुणांच्या प्रती. अर्जात कारण 'क्रीडा, नेमबाजी' असं स्पष्ट लिहा. 'स्वसंरक्षणासाठी व खेळासाठी' असं दोन्ही लिहिलं की अधिकारी स्वसंरक्षणाचं धरून बसतो आणि धोका काय ते सिद्ध करा म्हणतो.

पोलिसांनी 30 दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय व्हायचा, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, पोचपावती जपून ठेवा. नकार आला तर लेखी कारण मागता येतं आणि अपीलही करता येतं. मिळालेल्या परवान्याची मुदत 2019 च्या दुरुस्तीपासून पाच वर्षं आहे आणि सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, नेमबाजांना दर्जानुसार सवलत आहे. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायचा हुकूम निघतो. स्पर्धा खेळणाऱ्या नेमबाजांना त्यातून सूट मागता येते, मात्र संघटनेचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडून, आणि ठाण्यातून बोलावणं यायच्या आधी.

आणि पहिला फोन क्लबला कराल तो सराव संपल्यावर करा. लेनवर माणसं उभी असताना रेंज ऑफिसर फोन उचलत नाही. उचलणारा असेल तर दुसरा क्लब बघा.