टीम बेस्ड लर्निंग

कॉलेजच्या वर्गात अख्खं सत्र एकच टीम ठेवून शिकवायची पद्धत, बोलताना टीबीएल. ग्रुप प्रोजेक्टशी हिची गल्लत करू नये, तिथं एकटा टाइप करतो आणि बाकीचे नावं लावतात.

सुरुवात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत मॅनेजमेंट शिकवणाऱ्या लॅरी मायकेलसन यांच्याकडून झाली असं मानतात. त्यांचा वर्ग ४० वरून १२० मुलांवर गेला, नुसतं लेक्चर द्यायचं नव्हतं, मग हा मार्ग निघाला. साल बऱ्याचदा १९७९ देतात, पण पद्धत काय एका टर्ममध्ये घडत नाही, त्यामुळं सत्तरच्या दशकाची अखेर म्हणणं बरं. काही जण हिला सहकारी अध्ययनाचीच, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांच्या मदतीनं शिकायच्या पद्धतीचीच फांदी धरतात, त्यात १९७१ ची अमेरिकेतल्या ऑस्टिनमधली जिगसॉ पद्धत येते. पण जिगसॉत प्रत्येकाला धड्याचा वेगळा तुकडा मिळतो, इथं सगळ्यांनी सगळंच वाचून यायचं, आणि कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या प्रॉब्लेम बेस्ड लर्निंगसारखा (लहान ग्रुपनं एखादा प्रश्न सोडवत शिकायचं) दर ग्रुपला ट्यूटरही लागत नाही, एकच सर शंभर जणांचा वर्ग सांभाळतात. म्हणून वेगळी पद्धत मानणंच जास्त पटतं.

मुलं वाचून का येतात, खरा मुद्दा हा. आधी एकट्यानं छोटी एमसीक्यू (दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायची) टेस्ट, लगेच तीच टेस्ट ५ ते ७ जणांच्या टीमनं मिळून द्यायची, तीही स्क्रॅच कार्डवर, खरडलं की उत्तर बरोबर का चूक तिथंच कळतं आणि दुसऱ्यांदा खरडलं तर मार्क कमी. चुकीचं उत्तर रेटून सांगणारा पुढच्या वेळी जरा ऐकून घेतो. टीमला एखादं उत्तर पटलं नाही तर पुस्तकातला आधार देऊन लेखी अपील करता येतं. यातली गंमत, चुरस वगैरेवर बरेच जण भर देतात, पण एकट्याचे मार्क काढून टाकले की टीममागं लपणं आलंच. फ्रेंच शेती-इंजिनिअर रिंगेलमान यांचे दोर ओढायचे प्रयोग (प्रसिद्धी १९१३) तेच सांगतात, माणसं वाढली की एकेकाचा जोर कमी होतो.

टेस्ट झाल्यावर टीमला सोडवायला व्यवहारातला प्रश्न. कोल्हापुरात कॉमर्सच्या वर्गाला असा देता येईल: दोन एकर ऊस, घरात लग्न तोंडावर, ऊस कारखान्याला घालायचा का गुऱ्हाळाला? सगळ्या टीमना हाच प्रश्न, पर्याय एकच निवडायचा आणि कार्डं एकदम वर करायची. एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर), गुळाचा भाव, तोडणीची टोळी, रोख पैसा, सगळं आपोआप निघतं. 'चर्चा करा' एवढंच सांगितलं तर यातलं काहीच होत नाही.

टीम सरांनीच पाडायची, सगळ्यांसमोर. राधानगरी-गडहिंग्लजहून एसटीनं येणारी, बोर्डिंगवाली आणि शहरातली अशी मुलं विखरून. स्वतः निवडू दिलं तर गाववाले एका बाकावर येणारच. सत्राच्या शेवटी टीममधली मुलं एकमेकांना मार्क देतात, आणि मायकेलसन यांच्या पद्धतीत सगळ्यांना सरसकट सारखे मार्क चालत नाहीत.