ठसका नाही, म्हणजे घास नीट उतरला?

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे वाक्य ठरलेलं: "आजोबांना दहाची पेज भरवली, ठसका लागला नाही, म्हणजे बरे गिळतात." साफ चूक! पक्षाघातानंतर घशाची संवेदना मंदावू शकते. मग पेजेचं पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येत नाही. (पातळ तेच गिळायला सोपं, हाही गैरसमजच. पाणी झरकन घसरतं, श्वासमार्ग मिटायला वेळच मिळत नाही.) छातीच्या साध्या एक्स-रेत गिळणं दिसत नाही. त्यासाठी बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास देऊन हलता एक्स-रे काढतात, त्याला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात. पडद्यावर बेरियमची काळी रेघ स्वरयंत्राखाली, श्वासनलिकेत उतरताना दिसते, आणि रुग्ण मात्र निवांत बसलेला! जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता होत असेल किंवा न्यूमोनिया पुनःपुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना गिळण्याच्या तपासणीबद्दल विचारा.