उरलेल्या जेवणासाठी १०९८ ला फोन करू नका हो

लग्नसराई आली की तो जुना फॉरवर्ड परत फिरायला लागतो, की कार्यात जेवण उरलं तर १०९८ ला फोन करा, ते येऊन घेऊन जातात. साफ खोटं आहे हे. १०९८ म्हणजे चाइल्डलाइन, १९९६ साली मुंबईत सुरू झालेली, हरवलेलं, मारहाण होणारं, कामाला जुंपलेलं पोर किंवा ठरलेला बालविवाह, असल्या गोष्टींसाठी. तिथे तुम्ही मसालेभाताचं पातेलं सांगत बसलात की लाइन अडते आणि खरंच अडकलेलं पोर वेटिंगवर राहतं. चाइल्डलाइनवाल्यांनी स्वतः कितीदा खुलासा केलाय, पण फॉरवर्ड काही मरत नाही.

जेवण द्यायचंय तर रॉबिन हूड आर्मी ही स्वयंसेवकांची संस्था आहे, ते पैशांची देणगी घेतच नाहीत, फक्त अन्न, किंवा मुंबईत रोटी बँक. फक्त कळवा आधी, अन्न आंबल्यावर नको.