हाततोफ ओतताना कांस्याच्या पोटात काय घडते

चीनच्या हेइलोंगच्यांग प्रांतात १९७० साली सापडलेली कांस्याची हाततोफ, म्हणजे हातात धरून डागायची छोटी तोफ, जेमतेम ३४ सेंटीमीटर लांब आणि साडेतीन किलो वजनाची आहे. ती १२८८च्या सुमाराची मानली जाते. स्वीडनमधील लोशुल्ट येथे १८६१ मध्ये मिळालेली चौदाव्या शतकातील तोफ साधारण तेवढ्याच लांबीची, पण फुलदाणीसारखी फुगीर आणि सुमारे नऊ किलोंची आहे. जर्मनीतील टानेनबेर्गची हाततोफ मात्र सव्वा किलोच्या आसपास भरते. ती ज्या किल्ल्याच्या अवशेषांत सापडली तो १३९९ मध्ये उद्ध्वस्त झाला, त्यामुळे तिचे वय त्याहून कमी असू शकत नाही. अशा मोजक्या वस्तूंच्या प्रतिकृती आज संग्रहालये आणि प्रयोगशील पुरातत्त्वज्ञ करून घेतात. डेन्मार्कमधील मिडेलाल्डरसेंट्रेट या संस्थेने लोशुल्टच्या तोफेची प्रतिकृती प्रत्यक्ष डागूनही पाहिली आहे. बाहेरचा आकार हुबेहूब साधणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. अवघड आहे ते धातूचे आतले स्वरूप.

पहिली अडचण मिश्रधातूच्या प्रमाणाची येते. मूळ वस्तूला धक्का न लावता तिच्यातील घटक मोजायचे तर पृष्ठभागावर क्ष-किरण सोडून परत येणाऱ्या किरणांचे विश्लेषण करतात, परंतु शतकानुशतके जमिनीत पडून राहिलेल्या कांस्याच्या वरच्या थरातून तांबे झिरपून गेलेले असते आणि कथील संयुगांच्या रूपात मागे उरते. साहजिकच यंत्र कथिलाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते. हा आकडा जसाच्या तसा घेतला तर प्रतिकृतीसाठी भलताच धातू निवडला जाईल. सुमारे दहा टक्के कथील असलेले कांस्य चिवट असते, तर घंटांसाठी वापरले जाणारे वीस-बावीस टक्क्यांचे कांस्य नाद उत्तम देते पण ठिसूळ असते, कारण कथील वाढले की धातूत कठीण आणि तडकणाऱ्या स्फटिकांचे जाळे तयार होते.

दुसरी अडचण थंड होण्याची. द्रव कांस्य घट्ट होताना आकसते आणि ज्या भागाला शेवटपर्यंत नवा धातू मिळत नाही तिथे पोकळ्या राहतात. या तोफांचा दारूकक्षाभोवतीचा भाग सर्वांत जाड, म्हणून तोच सर्वांत उशिरा थिजतो. साचा तोंड वर करून उभा केला, तर तोंडाकडील पातळ भाग आधी गोठून धातूचा पुरवठा तोडतो आणि नेमका जिथे स्फोटाचा दाब सर्वाधिक असतो तिथेच धातू सच्छिद्र राहतो. साचा उलटा ठेवून बुडाच्या वर जादा धातूचा साठा ठेवल्यास हा दोष टळतो. थिजल्यावर तो जादा तुकडा कापून टाकतात. नळीची पोकळी राखण्यासाठी साच्याच्या मध्यभागी ठेवलेला मातीचा गाभा ओलसर राहिला असेल, तर वाफेचे बुडबुडे अडकतात आणि गाभा किंचित सरकला तरी नळीची एक बाजू दुसरीपेक्षा पातळ होते.

या दोषांची भरपाई भिंत जाड करून होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. गणित मात्र निराळे सांगते. जाड भिंतीच्या नळीत दाबाचा सर्वाधिक ताण आतल्या पृष्ठभागावर येतो. बाहेरची त्रिज्या आतल्या त्रिज्येच्या दुप्पट असेल, तर तो ताण दाबाच्या सुमारे १.६७ पट असतो. ती तिप्पट केली, म्हणजे भिंतीची जाडी दुप्पट केली, तरी तो १.२५ पटीपर्यंतच उतरतो. जाडी कितीही वाढवली तरी ताण दाबाइतका तरी राहतोच. म्हणून लोशुल्टच्या फुगीर आकाराकडे पाहून मला त्यामागे निव्वळ खबरदारी दिसत नाही, कारण त्या वजनाचा उपयोग धक्का सोसण्यासाठीही होतो. चांगल्या कांस्याचा एक गुण मात्र निर्विवाद आहे: मर्यादा ओलांडली तर ते बहुधा आधी फुगते आणि मग फाटते, ओतीव लोखंडासारखे एकदम तुकडे होऊन उडत नाही. तरीही प्रतिकृतीची चाचणी माणसाने हातात धरून घेण्याची गोष्ट नाही. ती अधिकृत चाचणीस्थळी, दूरवरून आणि आडोशामागून करतात.

आजच्या बऱ्याच प्रतिकृती कारखान्यात तयार मिळणाऱ्या भरीव कांस्यदंडातून लेथवर कोरल्या जातात. दिखाऊ वस्तूसाठी त्यात काही बिघडत नाही. मोजमापासाठी मात्र ही पद्धत फसवी आहे, कारण भरीव तोफ ओतून मग नळी कोरण्याची रीत युरोपात अठराव्या शतकात रूढ झाली. त्याआधीची नळी गाभ्याभोवती ओतलेली असे, खडबडीत आणि किंचित वाकडीही. अशा नळीत गोळा अडकू नये म्हणून तो चांगलाच लहान ठेवावा लागे आणि कडेच्या फटीतून बराच वायू वाया जाई. लेथवर कोरलेल्या गुळगुळीत नळीत गोळा चपखल बसवला, तर त्याचा वेगही वाढतो आणि नळीतला दाबही. असा मोजलेला वेग चौदाव्या शतकातील तोफेच्या नावावर जमा करता येत नाही.