मिश्र पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना

ज्या पदव्युत्तर पदवीचा काही भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष विद्यापीठात राहून पूर्ण करावा लागतो, तिला मिश्र किंवा ब्लेंडेड अभ्यासक्रम म्हणतात. नेहमीच्या तासांचे पीपीटी संकेतस्थळावर चढवल्याने तो तयार होत नाही. कोणते श्रेयांक (क्रेडिट) घरबसल्या मिळवायचे, कशासाठी विद्यार्थ्याला आवारात बोलवायचे आणि यातले आधी काय, नंतर काय, हे तीन निर्णय त्याच्या मुळाशी असतात. तिसऱ्या निर्णयाकडे सहसा कोणी फारसे पाहत नाही. पदवीचा खर्च आणि प्रवेशाची पद्धत मात्र बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

अशी सरमिसळ इंटरनेटच्या आधीपासून चालत आली आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेले ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ टपालाने पाठ्यसाहित्य पाठवी, बीबीसीवरून पाठ प्रक्षेपित करी आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना निवासी वर्गाला बोलावी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (१९८९) अभ्यासकेंद्रे आणि संपर्क सत्रे त्याच वळणाची.

अलीकडच्या काळात या रचनेचा सर्वांत धीट प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) केला. पुरवठा साखळी व्यवस्थापनाच्या दहा महिन्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जोडून एक नवा मार्ग सुरू करत असल्याचे तत्कालीन अध्यक्ष राफाएल राइफ यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केले. त्यात प्रवेशाचा क्रमच उलटा होता. पाच ऑनलाइन विषय कोणीही शिकावेत, प्रमाणपत्र हवे असल्यास तेवढ्यापुरते शुल्क भरावे आणि शेवटी एक सर्वंकष परीक्षा द्यावी. ‘मायक्रोमास्टर्स’ नावाचे हे प्रशस्तिपत्र मिळवणाऱ्यांनी मग पदवीसाठी अर्ज करायचा. निवड झालेले जानेवारी ते मे एवढे एकच सत्र एमआयटीच्या केंब्रिज इथल्या आवारात राहतात. पहिली तुकडी २०१८ मध्ये आली.

विषयही या रचनेला सोयीचा होता. साठ्याचे गणित, मागणीचे अंदाज, वाहतुकीचे जाळे यांवरची उदाहरणे संगणक तपासू शकतो, त्यामुळे हजारो विद्यार्थी झाले तरी गुणांकन अडत नाही. आवारातल्या सत्रासाठी राखून ठेवले ते संशोधन प्रकल्प आणि गटकाम, म्हणजे ज्यात समोरचा माणूस आपले म्हणणे खोडून काढतो अशी कामे. शिवाय अर्ज आला तेव्हा निवड समितीपुढे त्या विद्यार्थ्याची त्याच अभ्यासक्रमातली कामगिरी असते. एखाद्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम.

हाच साचा एमआयटीतच अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांनी विकासाच्या अर्थशास्त्रासाठी वापरला. तिथे ऑनलाइन विषयांच्या प्रमाणपत्राचे शुल्क विद्यार्थ्याच्या उत्पन्नानुसार ठरते आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी आधीची पदवी असलीच पाहिजे अशी अट ठेवलेली नाही. पहिली तुकडी २०२० च्या सुरुवातीला आवारात पोहोचली आणि मार्चमध्ये कोविडमुळे आवार रिकामे झाले. अभ्यासक्रमाचा प्रत्यक्ष असायचा तो भागही पडद्यावर गेला!

भारतात मांडणी टक्केवारीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या शासकीय मंचावरून करता येतात. त्याच वर्षीच्या मिश्र अध्ययनावरील संकल्पना टिपणात, इतर विषयांचाही ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा असे सुचवले होते. टक्केवारी तपासणीला सोपी असते, पण रसायनशास्त्राला आणि मराठी साहित्याला एकच माप लावले की कुठले ४० टक्के हा खरा प्रश्न विभागप्रमुखाच्या टेबलावर पडून राहतो. बहुतेकदा तो वेळापत्रकातल्या मोकळ्या तासांवरून सुटतो.

प्रत्यक्ष भाग सलग ठेवायचा की विखरून, हे विद्यार्थी कोण आहेत त्यावर ठरते. त्याच शहरात नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवारचे वर्ग चालतात, दूरच्यांना आठवडाभराचे निवासी शिबिर परवडते. परदेशी विद्यार्थ्यांबाबत व्हिसाचा नियम आड येतो. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या धारकाच्या पूर्णवेळ अभ्यासात प्रत्येक सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे फार तर ३ श्रेयांक, मोजला जातो. ऑनलाइन भाग आधी मायदेशी उरकून मग सलग एक पूर्णवेळ सत्र आवारात ठेवले, तर ही अडचण बऱ्याच अंशी टळते.

प्राध्यापकांच्या कार्यभाराचा हिशेब मात्र अजून वर्गातल्या तासांवरच चालतो. ध्वनिचित्रमुद्रण, चर्चामंचावरची उत्तरे, प्रश्नपेढी दरवर्षी बदलणे ही कामे त्यात क्वचितच धरली जातात.

परिणामकारकतेबद्दल अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा २०१० चा आढावा नेहमी पुढे केला जातो. त्यात मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी केवळ वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरस आढळली होती. मात्र या विद्यार्थ्यांना अभ्यासाला वेळ आणि साहित्यही बरेचदा जास्त मिळाले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असे त्याच आढाव्यात म्हटले आहे. जाहिरातींत यातले पहिले वाक्य तेवढे येते.