सामानाचं बकल आणि माणसाचं बकल

खानापूरकडे फणस उतरवायचे दिवस आले की झाडावर चढायच्या पट्ट्यांचा विषय निघतोच. यंदा भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतलं ट्री सॅडल पाहिलं. तिकडे धनुष्यबाणाने हरीण मारणारे शिकारी कमरेखाली रुंद झोळी बांधतात आणि बुंध्याच्या दोरीवर रेलून तासन् तास लटकतात. शिकारीला आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, पण फणसाला कोण अडवणार? "मामा, मोटारसायकलचा सामानाचा पट्टा आहे की. त्याचीच करूया."

त्या पट्ट्याला कॅम बकल असतं. स्प्रिंगवरचा दातेरी तुकडा पट्टी दाबून धरतो. ओढली की आवळते, अंगठ्याने खटका दाबला की सैल. सोय मोठी, आणि धोकाही त्या खटक्यातच. फांदी किंवा खोडाचा उंचवटा त्यावर दाबला गेला तर बकलाला कसं कळणार अंगठा कुणाचा? शिवाय सगळी पकड दातांची. पट्टी पातळ असेल, चिखलाने माखली असेल, तर ती घसरते. शिकारी हे बकल वापरतात ते बहुधा पायाखालचं फळकूट झाडाला आवळायला.

अंगाला लागतं ते दोन पोलादी चौकटींचं बकल. एक चौकट दुसरीतून तिरकी घालायची, सरळ केली की अडकते. लांबी कमीजास्त करायची ती पट्टी चौकटीच्या दांड्यावरून फिरवून. वजन पडलं की चौकटी एकमेकींवर आणखी दाबल्या जातात, म्हणून वजन असताना ते सुटत नाही. दांड्याला एकच वळसा घेणाऱ्या जुन्या धाटणीच्या बकलात मात्र पट्टी परत उलटी ओवावी लागते आणि चार बोटं शेपूट बाहेर ठेवावं लागतं. हे विसरून माणसं पडलेली आहेत.

झोळीत भार घेतो तो दोन्ही बाजूंच्या फासांना जोडलेला दोरीचा तुकडा, त्याला पूल म्हणतात. मग कमरेच्या बकलाला एवढं महत्त्व कशाला? पाय निसटून माणूस उलटा झाला तर झोळी अंगातून निघू नये म्हणून.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून असल्या चौकटी करून मिळतील, पण करू नका. कडा गोलसर नसेल तर तीच पट्टी कापते. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला तयार हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, घ्या, आणि शिलाईचा दोरा पट्टीपेक्षा वेगळ्या रंगाचा आहे का बघा. तुटलेला टाका लगेच दिसतो.

भाच्याच्या पट्ट्याने सध्या फणसाचं पोतं कॅरिअरला आवळलंय.